सन्मान करायचाच तर सेवापुस्तकात करा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्टला महसूल दिन झाला, दुसऱ्या दिवशी पेपरात उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचे फोटो आले, शाल, श्रीफळ, हातात प्रशस्तिपत्रक. मी सगळे फोटो नीट बघितले कारण मीपण ३१ वर्षं नोकरी केलीय, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात लेखा शाखेला, आणि वरिष्ठ सहाय्यक म्हणून २०१९ ला रिटायर झाले. फोटोतल्या लोकांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, कुणी वसुली चांगली केली, कुणी पावसात जाऊन पंचनामे वेळेत केले, त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण फोटो बघता बघता मला आमच्या एका साहेबांची आठवण झाली आणि मग दोन दिवस दुसरं काही सुचेना, म्हणून लिहायला बसले. पत्र लांब झालंय, काटछाट करायची तर करा, पण साहेबांचा भाग तेवढा ठेवा.

ते शाखा अभियंता होते. नाव लिहीत नाही, तालुका पण नाही, त्यांनीच नको सांगितलंय.

आधी बिल कसं निघतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रस्त्याचं काम झालं की शाखा अभियंता माप घेतो आणि मापपुस्तकात म्हणजे एमबीत चढवतो, उपअभियंता त्यातलं काही तपासून सही करतो, मग फाईल आमच्याकडे येते, आम्ही दर बघतो, गुणाकार-बेरजा बघतो आणि पुढं पाठवतो. म्हणजे आम्ही टेबलावर बसून आकडे बघणार, रस्ता नाही. रस्त्यावर उभा राहून रस्ता बघणारा माणूस मुळात एकच असतो, एमबी लिहिणारा. त्याने ७५ मिलिमीटर जाडी लिहिली की पुढच्या सगळ्या टेबलांसाठी ती ७५ च.

२००७ ची गोष्ट आहे. एका गावरस्त्याची फाईल आली, पावणेदोन किलोमीटरचं खडीकरण, मार्चएंड होता आणि बिल आजच काढा असा वरून निरोप. मी एमबी उघडली तर माप चढवलेलंच नाही. त्याजागी साहेबांच्या अक्षरात चार ओळी, की तीन ठिकाणी खड्डा घेऊन पाहिले, थराची जाडी ७५ ऐवजी अनुक्रमे ४०, ४५ व ३८ मिलिमीटर भरली, सबब माप नोंदविलेले नाही. खाली सही, तारीख. सोबत तीन फोटो, प्रत्येक फोटोत खड्डा आणि खड्ड्यात उभी धरलेली स्टीलची पट्टी, शाळेतल्या पोरांकडं असते तसली. ती त्यांच्या मुलीच्या कंपासपेटीतली होती हे मला नंतर वहिनींनी सांगितलं, सकाळी घाईत मेजरटेप सापडला नाही म्हणून तीच उचलून नेली आणि पोरगी त्यादिवशी पट्टीवाचून भूमितीच्या पेपरला गेली. ३१ वर्षांत माझ्या हाताखालून किती एमबी गेल्या त्याची गणती नाही, पण असली नोंद मी एकदाच बघितली.

मग जे होतं ते सुरू झालं. एमबी गहाळ झाली असं दाखवा आणि नवीन लिहा असं त्यांना सांगितलं गेलं, ते नाही म्हणाले. त्यांनी वरिष्ठांना पत्र दिलं, उत्तर नाही. मग रजिस्टर पोस्टाने त्याच्या वरच्या ऑफिसला पत्र पाठवलं, त्यात आणखी चार कामांची यादी दिली आणि शेवटी हात जोडून लिहिलं की माझं नाव गुप्त ठेवावं. तीन आठवड्यांनी गुत्तेदार आमच्या व्हरांड्यात उभा होता आणि त्याच्या हातात त्या पत्राची झेरॉक्स होती. मी स्वतः बघितली. त्यावर आवक नंबरचा शिक्कासुद्धा होता.

बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामागून दोषारोपपत्र, की योग्य मार्गाने न जाता परस्पर पत्रव्यवहार केला आणि शासकीय अभिलेखात अनावश्यक मजकूर लिहिला. ज्या चार ओळींनी सरकारचे पैसे वाचवले त्याच चार ओळी दोषारोप क्रमांक दोन झाल्या. विभागीय चौकशी २००८ ला लागली ती २०१४ पर्यंत चालली, तारीख लागायची, चौकशी अधिकारी बदलायचे, परत पहिल्यापासून. मधल्या काळात २००९ ला त्यांची आश्वासित प्रगती योजनेची, म्हणजे बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळते ती वरची वेतनश्रेणी यायची होती, ती चौकशी चालू आहे म्हणून थांबली. २०१२ ला रिटायर झाले तर चौकशी चालू आहे म्हणून तात्पुरती पेन्शन आणि उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी अडकली, त्याच पैशावर मुलीचं लग्न ठरवलेलं होतं. शेवटी काय, तर आरोप सिद्ध झाले नाहीत, प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, एक पानाचं पत्र.

निरोप समारंभाला आम्ही पाचजण होतो, त्यातले दोन शिपाई. आमच्या ऑफिसात साध्या क्लार्कच्या निरोपाला पण पन्नास माणूस जमतं.

आणि मी काय केलं? फाईल शेऱ्यासकट परत पाठवली, बिल काढलं नाही, एवढंच. झेरॉक्स माझ्या डोळ्यांनी बघितली होती, चौकशीत जाऊन साक्ष द्यायला हवी होती, नाही दिली. दोन मुलं शिकत होती, बदलीची भीती वाटली. हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. हे पत्र लिहायला लागण्याचं खरं कारण बहुतेक तेच आहे.

त्यांचं सेवापुस्तक मी पेन्शन केसच्या वेळी बघितलं, आस्थापनेतल्या मैत्रिणीच्या टेबलावर होतं. सेवापुस्तक म्हणजे सरकारी माणसाची कुंडलीच असते, रुजू झाल्यापासूनची प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक बदली, रजा, शिक्षा सगळं त्यात. त्यांच्या पुस्तकात चौकशीची नोंद होती, बदल्या होत्या, थांबलेली वेतनश्रेणी होती. तीन खड्ड्यांबद्दल एक ओळ नव्हती. त्या रस्त्यावर शेवटी गुत्तेदाराला स्वतःच्या खर्चाने आणखी थर टाकावा लागला कारण एमबीतली नोंद कुणाला पुसता आली नाही, रस्ता आजपण त्या गावाला कामाला येतोय, पण ते कुठंच लिहिलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल एका ऑफिसातलं एक प्रकरण. नाही साहेब. सत्येंद्र दुबेंचं आठवा. बिहारच्या सिवान जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर झारखंडात कोडर्म्याला होता. निकृष्ट झालेला सहा किलोमीटर रस्ता त्याने गुत्तेदाराकडून परत करून घेतला होता. नोव्हेंबर २००२ मध्ये त्याने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, कामात काय लूट चाललीय ते सांगितलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेत त्याला गोळी घातली, वय तिशीच्या आसपास. तपास होऊन तिघांना २०१० मध्ये जन्मठेप झाली, लुटीसाठी खून म्हणून, पण ते त्याच्या घरच्यांना पटलं नाही. खून कुणी आणि कशासाठी केला हा कोर्टाचा विषय, मी त्यात पडत नाही. नाव गुप्त ठेवा लिहिलेलं पत्र नावासकट फिरलं, एवढं मात्र कुणीच नाकारलेलं नाही, आणि ते वाचताना मला दरवेळी आमचा व्हरांडा आणि ती झेरॉक्स दिसते.

बरं, दुबेंचा सन्मान झाला का? झाला की. २००४ ला लंडनच्या इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप या संस्थेने मरणोत्तर पुरस्कार दिला, त्याच वर्षी बर्लिनच्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलने दिला, आयआयटी कानपूरने २००५ पासून त्याच्या नावाने सचोटीचा पुरस्कार सुरू केला. संजीव चतुर्वेदी म्हणून वनसेवेतले अधिकारी आहेत, हरियाणात आणि नंतर दिल्लीच्या एम्समध्ये मुख्य दक्षता अधिकारी असताना त्यांनी घोटाळे काढले, त्यांना २०१५ ला मनिलाहून मॅगसेसे मिळाला. आणि घरी? २०१५-१६ च्या कार्यमूल्यमापन अहवालात त्यांना शून्य दिलं गेलं. शून्य! ते भांडले, २०१८ ला उत्तराखंड हायकोर्टाने केंद्राला २५ हजाराचा दंड केला. लंडन झालं, बर्लिन झालं, मनिला झालं, मग ज्या सरकारचा पैसा या लोकांनी वाचवला त्या सरकारच्या शाई-पेनाला काय झालं? परक्या माणसाने पाठ थोपटायची आणि घरच्याने त्याच पाठीत रट्टा घालायचा, हे कुठवर चालायचं.

आपल्या महाराष्ट्राचं बघा. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे, मनमाडजवळ तेलाच्या टँकरमधून चोरी चाललेली दिसली म्हणून गाडी थांबवून उतरले, २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी दिवसाढवळ्या त्यांना जिवंत जाळलं. राज्यभर कर्मचाऱ्यांनी कामं बंद ठेवली. आम्हीपण गेटवर उभे होतो, काळ्या फिती लावून, घोषणा देत, माझ्या डोळ्यांना धार लागली होती. आमच्या साहेबांच्या चौकशीचं तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. त्या गेटवर उभे असलेल्यांपैकी बरेचजण साहेब ऑफिसात तारखेला आले की जिन्यातून वळून जायचे, त्यांच्यासोबत चहा घ्यायला पण घाबरायचे. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, मीपण त्यातलीच. मेलेल्या माणसासाठी आम्ही हजारोंनी रस्त्यावर आलो आणि जिवंत माणसासोबत कँटीनला जायची हिंमत झाली नाही.

आणि विजय पांढरे साहेब. जलसंपदा विभागात मुख्य अभियंता होते, नाशिकला. २०१२ ला त्यांनी राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की प्रकल्पांच्या किमती कशा फुगवल्या जातायत, कामाचा दर्जा काय आहे, उपसा सिंचन योजनांचं काय झालंय. त्याच सुमारास राज्याच्या आर्थिक पाहणीतला तो आकडा गाजत होता, दहा वर्षांत सिंचनावर साधारण ७० हजार कोटी गेले आणि सिंचनाखालचं क्षेत्र वाढलं ०.१ टक्का. मग सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका, पुढं चितळे समिती, हे सगळं तुमच्याच पेपरात वाचलंय. कोण दोषी कोण निर्दोष यावर अजून लोक भांडतात, भांडू देत. पण आत बसलेल्या मुख्य अभियंत्याने सही करून लिहिलं म्हणून त्या विषयाला वजन आलं, नाहीतर विरोधकांचे आरोप म्हणून दोन दिवसांत विरून गेला असता. पांढरे साहेबांनी २०१४ ला नाशिकमधून लोकसभा लढवली तेव्हा लोक म्हणायला लागले, बघा, याच्यासाठीच केलं होतं सगळं. मला ते ऐकून वाईट वाटलं. जो माणूस आतून बोलला त्याला आत ठेवलाच नाही तर तो दुसरं कुठं जाणार?

कायदा आहे ना, असं बरेच सुशिक्षित लोक म्हणतात. दुबेंच्या हत्येनंतर ओरड झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, मग २१ एप्रिल २००४ ला केंद्राने एक ठराव काढला, की सरकारी माणसाने बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार द्यावी, आयोग नाव फुटू देणार नाही. ठराव चांगला आहे पण तो केंद्राच्या लोकांबद्दलच्या तक्रारींसाठी, राज्याचा किंवा झेडपीचा कारभार त्यात बसतच नाही. पुढं संसदेने जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा पूर्ण कायदाच केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही पण झाली, त्यात राज्याचे लोकपण येतात. मी तो कायदा नातवाकडून मोबाईलवर उघडून घेतला आणि चष्मा लावून वाचला. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारापर्यंत दंड. तक्रार केली म्हणून छळ केला असं कुणी म्हणालं तर हा छळ नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ऑफिसची, त्या माणसाची नाही. हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. आमचे साहेब सहा वर्षं हेच सिद्ध करत बसले होते की आपण काही गुन्हा केलेला नाही.

पण तो कायदा लागूच केलेला नाही. सही झाली, राजपत्रात आला, आणि अमुक तारखेपासून अंमलात येईल अशी जी एक अधिसूचना काढायची असते तेवढी निघाली नाही. २०१५ ला दुरुस्तीचं बिल आणलं, ते मूळ कायदा ढिला करणारं होतं, लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं राज्यसभेत अडकून २०१९ ला आपोआप गेलं. एक अधिसूचना म्हणजे किती काम असतं हे आम्हा सरकारी लोकांना चांगलं माहितीये, अर्ध्या पानाचा मजकूर.

अजून एक, २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन पण असतो. दिल्लीत त्यादिवशी चांगल्या कामाबद्दल अधिकाऱ्यांना पंतप्रधानांचे पुरस्कार दिले जातात. म्हणजे ठराव त्याच तारखेचा आणि बक्षीस पण त्याच तारखेला. त्या यादीत एक पुरस्कार आतून चोरी दाखवून देणाऱ्याला ठेवायला काय हरकत आहे, वेगळा हॉल पण लागणार नाही.

पण मला खरं मागायचंय ते हॉलमधलं नाहीये. शाल-नारळाचं मला आता फार वाटत नाही. मला सेवापुस्तकात नोंद हवीय. या कर्मचाऱ्याने अमुक तारखेला अमुक गैरप्रकार निदर्शनास आणला, चौकशीत तो खरा ठरला, शासनाचे एवढे रुपये वाचले, आणि खाली ज्या अधिकाऱ्याला त्याची बदली करायचा अधिकार असतो त्याच अधिकाऱ्याची सही. कारण सरकारी माणूस शालीला घाबरत नाही की शालीने खूश होत नाही, तो सेवापुस्तकातल्या ओळीला घाबरतो. पूर्वी उत्कृष्ट कामाला आगाऊ वेतनवाढ मिळायची, आम्ही त्याची वाट बघायचो, तशी एक वेतनवाढ या लोकांना द्या. जो खरा ठरला त्याच्यावर लावलेली चौकशी ठरलेल्या मुदतीत बंद करा आणि अडकवलेली रक्कम व्याजासकट द्या. बदली करायचीच असेल तर त्याला विचारून करा, काहीजणांना खरंच तिथून निघायचं असतं, जिवाची भीती असते. आणि ज्याला नाव नकोय त्याचा जाहीर सत्कार अजिबात करू नका, त्याच्या पुस्तकातली ओळ त्याला पुरे.

कुणी म्हणेल असं केलं तर उठसूट कुणीही तक्रारी करेल. हे खरंय, आमच्याकडे पण असे होते, प्रमोशन चुकलं म्हणून वरिष्ठांच्या विरोधात निनावी पत्रं टाकणारे, गुत्तेदाराकडून पैसे खाऊन दुसऱ्या गुत्तेदारावर अर्ज करणारे, माहिती अधिकाराचे अर्ज टाकून हप्ता मागणारे बाहेरचे वेगळेच. अशांमुळेच खऱ्या माणसाकडे पण संशयाने बघतात. पण त्याची सोय त्या कायद्यात केलेली आहे, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजारापर्यंत दंड. आणि माझं म्हणणं आहे की नोंद करा ती तक्रार खरी ठरल्यावर, तक्रार आल्यावर नाही. ज्याला खड्ड्यात पट्टी धरून फोटो काढायचं कळतं त्याचं आणि निनावी पत्र टाकणाऱ्याचं अक्षर वेगळं असतं, ऑफिसात बसलेल्या कुणालाही ते ओळखू येतं.

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दक्षता जनजागृती सप्ताह असतो, आम्ही सगळे उभं राहून शपथ घ्यायचो, लाच घेणार नाही देणार नाही. मी कितीतरी वेळा घेतली असेल. तेव्हा हजेरीपटावर सही करायला साहेबपण रांगेत असायचे, चौकशी चालू असताना सुद्धा, आणि शपथ वाचताना त्यांचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आले. सत्तरी गाठलीय, गुडघे दुखतात, वहिनींची तब्येत बरी नसते. मी म्हटलं पेपरला लिहितेय, तर आधी नकोच म्हणाले, मग म्हणाले, ताई लिही, पण कुणाचं वाईट लिहू नकोस आणि नाव टाकू नकोस. २००९ च्या वेतनश्रेणीचा फरक अजून मिळालेला नाही, दोनदा अर्ज केलेत, फाईल त्याच ऑफिसात आहे आणि नाव वाचून कुणी ती आणखी खाली ढकलली तर या वयात परत पहिल्यापासून फिरायचं त्यांच्यात बळ नाही. मी झेरॉक्सबद्दल सांगितलं, की मी तेव्हा बघितली होती आणि बोलले नाही. ते म्हणाले मला माहिती होतं, तुझं टेबल व्हरांड्याच्या खिडकीलाच होतं. मग वहिनींना चहा टाकायला सांगितला.

माझं नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय तो फक्त तुमच्यासाठी, छापू नका. माझं नाव छापलं की आमच्या भागातल्या लोकांना त्यांचं नाव ओळखायला दोन मिनिटं पण लागणार नाहीत. त्यांच्या फरकाची रक्कम एकदा जमा होऊ दे, मग मी स्वतःच्या नावाने परत लिहीन आणि त्यांना विचारून त्यांच्यापण.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ सहाय्यक (लेखा)